कॅसेटचा काळ आणि जुना बाजार

फिलिप्स कंपनीने १९६३ साली युरोपात आणलेली कॅसेट भारताच्या खेड्यापाड्यांत पसरली ती १९८० च्या दशकात. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने तेव्हा किमती खाली आणल्या. ग्रामोफोन रेकॉर्ड काढणे मोजक्या कंपन्यांच्या हाती होते. कॅसेटला लहानसा स्टुडिओ पुरे होई. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप या लोकगायकांची गाणी त्यामुळे घरोघर वाजू लागली. ती घराबाहेरही गेली: सिंदफणा नदीकाठच्या माजलगाव परिसरातील ऊसतोड मजूर हंगामभर बाहेर राहतात. त्यांच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) वीज नसली तरी सेलवरचा टेप चाले.

मागच्या कडेची प्लास्टिकची पाकळी मोडली की कॅसेटवर नवे भरता येत नसे, पण भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा येई. म्हणून जुन्या बाजारात छापील नावावर विसंबू नये. आत बारशाचा गोंगाटही निघतो, आणि जाणत्याला तोच अधिक मोलाचा.

पुढे सीडी आणि एमपी-थ्रीने हा व्यापार संपवला. उरलेला माल पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात सापडतो. त्यातच निन्टेंडोच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्राच्या स्वस्त नकला आणि त्यांच्या गेम-कॅसेटी असतात. नाव कॅसेट असले तरी आत फीत नसून चिप असते. त्यामुळे फितीसारखी बुरशी तिला लागत नाही. संपर्कपट्ट्या पुसल्या की ती बहुधा चालते.