धूरतपासणी, मोटारींची (रोल्ला, शारजा)

रोल्ला हा शारजा शहरातला जुना, गजबजलेला व्यापारी भाग. इथे भारतीयांची दाट वस्ती आहे. मुंबई-पुण्याहून आलेला माणूस जुनी गाडी घेतली की पहिल्यांदा विचारतो, 'पीयूसी कुठे काढायची?' तशी चिठ्ठी इथे नाही. धुराची तपासणी गाडीच्या वार्षिक चाचणीतच उरकते, आणि चाचणीत पास झाल्याशिवाय मुल्किया, म्हणजे नोंदणीपत्र, पुढच्या वर्षासाठी मिळत नाही. नव्या खासगी मोटारीला पहिली 3 वर्षे चाचणी माफ असते. मुल्कियाचे नूतनीकरण मात्र दरवर्षी करावे लागते.

आधी विमा घ्यायचा (तो बहुधा 13 महिन्यांचा असतो), थकलेले दंड भरायचे, मग तसजीलसारख्या केंद्रात गाडी न्यायची. तिथे चासी क्रमांक जुळवतात, ब्रेक रोलरवर तपासतात, दिवे, टायर आणि काचांवरची फिल्म पाहतात. धुरासाठी एक्झॉस्टच्या नळीत सळई घालून पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा पाहतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असताना नीट काम करत नाही, त्यामुळे गाडी थोडी पळवून, इंजिन तापवून नेणे शहाणपणाचे. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग आधीच बदलले तर बराच त्रास वाचतो. नापास झाल्यास दुरुस्ती करून पुन्हा रांगेत.

महाराष्ट्रात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 115 खाली पीयूसी वेगळी निघते. बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याहून जुन्यांना 6 महिने. नव्या गाडीला पहिले वर्ष सूट. 10 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसी नसेल तर विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश दिला. शारजात धूर नोंदणीला बांधला आहे, महाराष्ट्रात तो विम्याला बांधायचा प्रयत्न झाला. पहिली गाठ जास्त घट्ट: पेट्रोल पंपावरच्या टपरीत मिनिटभरात निघणाऱ्या चिठ्ठीत पळवाट सापडते, रोलरवर चढवलेल्या गाडीला ती सापडणे अवघड.

मुल्कियाची मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत असते. त्यानंतर गाडी रस्त्यावर सापडली तर 500 दिरहम दंड, 4 काळे गुण आणि 7 दिवस जप्ती. विजेवरच्या गाडीला धुराचा भाग लागू नाही. ब्रेक-टायरची तपासणी तिलाही चुकत नाही.