दिनविशेष : ५ मार्च
युरिथेनिस प्लॅस्टिकस : नव्या प्रजातीची नोंद (२०२०)

पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेत सापडलेल्या ‘युरिथेनिस प्लॅस्टिकस’ या कवचधारी जीवाचे शास्त्रीय वर्णन ५ मार्च २०२० रोजी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि युरिथेनिस वंशातील या नवव्या प्रजातीला विज्ञानात अधिकृत स्थान मिळाले. कोळंबीशी दूरचे नाते असलेला, दोन्ही बाजूंनी चपटा असा हा जीव अँफिपोडा गणातील असून मेलेल्या प्राण्यांच्या मांसावर उपजीविका करतो; म्हणूनच २०१४ मध्ये ६,०१० ते ६,९४९ मीटर खोलीवर आमिष लावलेले सापळे सोडून त्याचे नमुने मिळवता आले. या वंशातील प्रजाती दिसायला इतक्या सारख्या असतात की केवळ बाह्यरूपावरून त्या वेगळ्या काढणे अवघड जाते, त्यामुळे न्यूकॅसल विद्यापीठातील जोहाना वेस्टन व सहकाऱ्यांनी शरीररचनेतील बारीक भेदांना तंतुकणिकांमधील, म्हणजे पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांमधील, दोन जनुकीय भागांच्या तुलनेची जोड दिली.

एका नमुन्याच्या पश्चांत्रात, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात, मिलिमीटरहूनही आखूड असा एक तंतू आढळला, ज्याचे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटशी, अर्थात पाण्याच्या बाटल्यांत व कृत्रिम कापडात वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकशी, ८३.७४ टक्के साम्य होते. पुरावा एकाच नमुन्यातला असला, तरी प्रजातीचे नाव त्यावरूनच ठेवले गेले, आणि नामकरणाच्या नियमांनुसार ते आता सहसा बदलता येणार नाही.