वळसंग परिसरातील हवामानबदल : कारणे आणि परिणाम

वळसंग हे सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर आहे. परिसरात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. काळी जमीन, तिच्याखाली मुरूम आणि बेसाल्टचा कातळ. ज्वारी आणि तूर ही इथली जुनी पिके. पाणी असेल तिथे ऊस, द्राक्ष, डाळिंब. हा सारा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याची वार्षिक पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास धरली जाते आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पडतो.

अवर्षण आणि हवामानबदल. या दोन गोष्टी एकच समजल्या जातात, आणि वळसंगसारख्या गावाबद्दल बोलताना हा घोळ हमखास होतो. पाऊस कमी पडणे हा इथला स्वभाव आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे घाटमाथ्यावर रिते होतात, पुढे पठारावर त्यांच्यात थोडेच बाष्प उरते. ही व्यवस्था माणसाने केलेली नाही. तीस वर्षे किंवा अधिक काळाच्या सरासरीत, पावसाच्या वाटणीत, उष्णतेच्या पातळीत टिकून राहणारा फरक पडला की त्याला हवामानबदल म्हणतात. त्यामुळे एखाद्या वर्षीचा दुष्काळ हा हवामानबदलाचा पुरावा ठरत नाही. आणि दुष्काळ पूर्वीही पडत होते, म्हणून आजचा बदल खोटा, हेही म्हणता येत नाही.

नैसर्गिक कारणे. हवामान निसर्गतः किती पालटू शकते, याची खूण वळसंगच्या जमिनीतच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. त्या उद्रेकांतून निघालेल्या गंधकाच्या वायूंनी पृथ्वी काही काळ थंड झाली, तर कार्बन डायऑक्साइडने दीर्घकाळात तापली. पुढे हाच बेसाल्ट पावसाने झिजू लागला. या झिजेच्या रासायनिक क्रियेत हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. इथली काळी माती हा त्या लाखो वर्षांच्या झिजेचा गाळ होय.

दुसरे कारण पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात हजारो वर्षांत होणारे फेरफार. सुमारे नऊ ते सहा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात जास्त ऊन मिळत होते, म्हणून मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार होता. नंतर तो क्षीण होत गेला. वळसंग ज्या भीमेच्या खोऱ्यात येते त्याच खोऱ्यात, घोड नदीकाठी इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे मोठे उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास वाढलेल्या कोरडेपणामुळे ती शेतीवस्ती मोडकळीस आली, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी केली.

अलीकडच्या काळात प्रशांत महासागरातील एल निनो हा मोठा घटक आहे. 1876–78 चा भीषण दुष्काळ, 1972 चा दुष्काळ आणि 2023 मधील पावसाची ओढ ही तिन्ही एल निनोशी जोडलेली आहेत. मात्र हे गणित सरळ नाही. 1997 चा एल निनो अतिशय तीव्र असूनही देशात त्या वर्षी पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागराच्या पश्चिमेकडचे पाणी त्या वर्षी विशेष तापले होते. ज्वालामुखींचा परिणाम अल्पकाळ टिकतो : 1991 मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबोच्या स्फोटानंतर पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली आणि दोन-तीन वर्षांत पूर्वपदावर आली.

दुष्काळांची परंपरा. 1396 पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकस्मृतीत राहिला. छत्तीसगडमधील दंडक गुहेतल्या चुनखडीच्या लवणस्तंभाच्या अभ्यासात चौदाव्या–पंधराव्या शतकांत मोसमी पाऊस वारंवार क्षीण झाल्याचे आढळले, तेव्हा त्या स्मृतीला दगडाचा आधार मिळाला. 1630–32 च्या दुष्काळाने दख्खन उजाड केले. 1876–78 मध्ये सोलापूर जिल्हा होरपळला. 1872 आणि 1881 च्या शिरगणतींच्या दरम्यान जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्याच सुमारास सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि तिच्या बॉयलरसाठी कोळसा जळू लागला. निसर्गाने आणलेला दुष्काळ आणि माणसाने सुरू केलेला धूर या जिल्ह्यात एकाच वेळी भेटले.

मानवनिर्मित कारणे. कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे, तसेच जंगले तोडल्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड दर दहा लाखांत सुमारे 280 भागांवरून 420 च्या वर गेला आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांत अर्हेनियस यांनी या वायूमुळे पृथ्वी किती तापेल याचे गणित 1896 मध्ये प्रसिद्ध केले. दख्खनवर पुन्हा दुष्काळ आला ते हेच वर्ष. वाढलेला कार्बन जुन्या इंधनातलाच आहे, हे त्याच्या समस्थानिकांवरून ओळखता येते. शिवाय वातावरणाचा खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. सूर्य प्रखर झाल्याने पृथ्वी तापली असती तर दोन्ही थर तापले असते. सूर्याला दोष देणाऱ्यांसाठी एवढे उत्तर पुरेसे आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यातच, होटगीजवळ फताटेवाडी येथे एनटीपीसीचे 1,320 मेगावॉट क्षमतेचे कोळशावरील औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशावरच्या एका युनिट विजेमागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू जगभर मिसळतो, म्हणून फताटेवाडीच्या धुरामुळे वळसंगला ऊन वाढले असे म्हणणे चूक. पण या केंद्राला लागणारे पाणी उजनी धरणातून जलवाहिनीने येते, आणि तो भार पूर्णपणे स्थानिक आहे. भातशेती व गुरांमधून येणारा मिथेन, रासायनिक खतांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड हीदेखील मानवी कारणे आहेत. याउलट, धूर आणि काजळीच्या सूक्ष्म कणांनी ऊन काही अंशी अडवले; त्यामुळे जमीन कमी तापली, पण मोसमी पाऊसही क्षीण झाला.

परिणाम. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान 1901–2018 या काळात सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले. 1951–2015 मध्ये देशातील मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. मध्य भारतात मात्र एका दिवसात 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. कारण साधे आहे : हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पावसातला खंड लांबतो, आणि पाऊस आला की कोसळतो.

ही गोष्ट वळसंगच्या रब्बीत नीट दिसते. इथली ज्वारी, विशेषतः मोहोळच्या संशोधन केंद्राशी जिचे नाव जोडले गेले ती मालदांडी 35-1, पाऊस सरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यात साधावी लागते आणि त्यासाठी वापसा (पेरणीयोग्य ओल) हवा. सप्टेंबरअखेर सतत झड लागली तर काळ्या चिकणमातीत पाभर चालत नाही, फण मातीने भरून जातात. दिवस हातचे जातात. उशिरा पेरलेली ज्वारी थंडीतली वाढ गमावते आणि दाणे भरण्याच्या वेळी तिला ओल कमी, ऊन जास्त मिळते. काढणीला आलेल्या पिकावर अवकाळी पाऊस पडला की दाणा काळा पडतो, कडबा कुजतो. म्हणजे घरचे धान्य आणि गोठ्यातली वैरण एकाच रात्रीत हातची जाते. 2014 च्या फेब्रुवारी–मार्चमधील गारपिटीने राज्यात अशा हजारो शेतांची नासाडी केली. डाळिंबावर दमट उष्ण हवेत तेल्या रोग पसरतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकला आणि सोलापूर जिल्ह्यावर मुसळधार कोसळला. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीने शेतांतली माती खरवडून नेली. तीन वर्षांनी, 2023 मध्ये, 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट नोंदला गेला आणि उजनी भरले नाही. पुढे 2025 मध्ये मोसमी पाऊस मे महिन्यातच राज्यात दाखल झाला आणि सप्टेंबरमध्ये सीना नदीला महापूर आला. यातली प्रत्येक घटना हवामानबदलानेच घडली असे नाही. पण पाच वर्षांत टंचाई आणि पूर यांची अशी आलटापालट होणे हे तापलेल्या हवेच्या अपेक्षित वागणुकीशी जुळते.

पाणी कोणाचे. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठा बंद होता, तेव्हा वळसंगच्या दलित वस्तीने स्वतंत्र विहीर केली आणि 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्यासाठी गावात आले. तो इतिहास या नोंदीत येण्याचे कारण हे, की पाऊस सर्वांवर सारखा रुसतो, पाणी मात्र सर्वांचे सारखे आटत नाही. खोल बोअर मारू शकणारा बागायतदार तग धरतो. शेतमजूर टँकरची वाट पाहतो. जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे आणि कमी पावसाच्या मुलखात ऊस वाढतो आहे. या टंचाईचे खापर हवामानबदलावर फोडणे अन्यायाचे आहे. ती पाण्याच्या वाटपातून आलेली आहे आणि त्याचे उत्तर इथल्या इथे द्यावे लागेल.

संशोधन व उपाय. 1933 मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. व्ही. ए. ताम्हणे यांनी मांजरी येथे सुरू केलेल्या आणि ना. वि. कानिटकर यांनी पुढे नेलेल्या कामाची ती पुढची पायरी होती. बांधबंदिस्ती, विरळ पेरणी, जमिनीच्या खोलीनुसार पीक निवडणे आणि भेगा बुजवण्यासाठी वेळेवर कोळपणी हे त्यातले निष्कर्ष आजही उपयोगी पडतात, कारण प्रश्न ओल टिकवण्याचाच आहे. केगाव येथे 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 व 2019 मध्ये सोलापूर परिसरात ढगांत बीजारोपणाचा प्रयोग केला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत योग्य ढग मिळालेल्या ठिकाणी पावसात सुमारे 18 टक्के वाढ दिसल्याचे म्हटले आहे. बीजारोपणाला मुळात बाष्पाने भरलेले ढग लागतात, त्यामुळे ते लांबलेल्या खंडावरचा उतारा नाही. पाऊस येतो त्या दिवसांत थोडी भर घालण्यापुरतेच ते कामाचे आहे.