इंटेल–एएमडी स्पर्धा

इंटेल–एएमडी स्पर्धा ही एक्स८६ पद्धतीचे संगणक प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल आणि ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस (एएमडी) या दोन अमेरिकी कंपन्यांमधील दीर्घकालीन व्यावसायिक चुरस होय. इंटेलची स्थापना इ.स. १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी, तर एएमडीची १९६९ मध्ये जेरी सँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली.

पार्श्वभूमी

या स्पर्धेचे मूळ सहकार्यात आहे. आयबीएमने १९८१ च्या आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ८०८८ निवडला, मात्र एकाच पुरवठादारावर विसंबण्यास ती तयार नव्हती. त्यामुळे १९८२ च्या करारान्वये एएमडीला इंटेलच्या आराखड्यांवरून प्रोसेसर बनवण्याची मुभा मिळाली. पुढे ८०३८६ चा आराखडा देण्यास इंटेलने नकार दिला. एएमडीने १९९१ मध्ये त्याची स्वतःची आवृत्ती बाजारात आणली. उभयतांमधील वाद १९९५ मध्ये तडजोडीने मिटला.

पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व करणारे, पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले. ती कंपनी १९९६ मध्ये एएमडीने विकत घेतली व तिच्याच आराखड्यातून के६ प्रोसेसर साकारला. २००३ मध्ये एएमडीने एक्स८६ चा ६४-बिट विस्तार आणला. ६४-बिट संगणनासाठी इटॅनियम या वेगळ्या पद्धतीवर भिस्त ठेवलेल्या इंटेलला पुढच्याच वर्षी तो स्वीकारावा लागला.

निर्मिती तंत्रज्ञान

दीर्घकाळ इंटेलचे खरे बळ तिच्या कारखान्यांत होते. ट्रान्झिस्टर जितके लहान, तितके ते एका चिपवर अधिक मावतात आणि वीजही कमी लागते. २२ नॅनोमीटर टप्प्यावर इंटेलने २०१२ मध्ये त्रिमितीय रचनेचे ट्रान्झिस्टर प्रतिस्पर्ध्यांच्या आधी बाजारात आणले. याउलट, कारखान्यांचा खर्च न झेपल्याने एएमडीने ते २००९ मध्ये वेगळे काढले. त्यांतून ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी निर्माण झाली. तेव्हा ही माघार वाटली, पण तिच्यामुळेच पुढे एएमडीला निर्माता बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले.

इंटेलचा १० नॅनोमीटर टप्पा २०१६ च्या सुमारास अपेक्षित होता. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनास २०१९ उजाडले. एकाच वेळी फार मोठी घनतावाढ साधण्याचा प्रयत्न अंगलट आला. दरम्यान ग्लोबलफाउंड्रीजने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचा नाद सोडला, तेव्हा एएमडी तैवानच्या टीएसएमसीकडे वळली आणि २०१९ मध्ये तिचे ७ नॅनोमीटरचे रायझन प्रोसेसर आले.

हे आकडे मात्र शब्दशः घेऊ नयेत. ती चिपवरील कोणत्याही भागाची प्रत्यक्ष मोजमापे नसून व्यापारी नावे आहेत. इंटेलचे १० व टीएसएमसीचे ७ नॅनोमीटर घनतेत जवळपास सारखे आहेत. २०२१ मध्ये इंटेलने आपल्या सुधारित १० नॅनोमीटर प्रक्रियेचे नावच ‘इंटेल ७’ केले. २०२४ च्या लूनार लेक प्रोसेसरमधील मुख्य गणनाभाग तर इंटेलने टीएसएमसीकडूनच बनवून घेतला.