गाडी खाली, मान वर

आजच्या गोष्टीची सुरुवात आमच्या सोसायटीच्या गेटवर होते. आत शिरल्या शिरल्या सिमेंटचा एक स्पीडब्रेकर आहे. कमिटीनं तो अशा जोशात बांधून घेतलाय की त्याला टेकडी म्हटलं तरी चालेल. गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावानं त्याच्या अलीकडे गाडी थांबवली, मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "बाबा, जरा उतरता का? आई, दादा, तुम्हीपण."

आम्ही तिघं मिठाईचे बॉक्स सांभाळत उतरलो. त्यानं गाडी तिरकी केली, एकेक चाक अलगद चढवलं आणि उतरवलं. आम्ही मागून चालत निघालो. वॉचमन तोंड फिरवून हसत होता. बाबा म्हणाले, "एवढे पैसे घालून शेवटी चालतच यायचं होतं, तर रिक्षा काय वाईट होती?"

भावानं केलं काय होतं? सेकंडहँड हॅचबॅक घेतली, कंपनीचे शॉकअप आणि स्प्रिंगा काढून तिथे कॉइलओव्हर बसवले आणि पंधरा इंची लोखंडी रिमांच्या जागी सोळा इंची अलॉय टाकले. त्या रात्री जेवताना मी त्याला बोललो, "नुसतं लोकांना दाखवायला एवढा खर्च?" तो गप्प बसला. ताट उचललं आणि आत गेला.

मला वाटलं, मुद्दा मी जिंकलो. नंतर या भागासाठी वाचायला बसलो, तेव्हा कळलं की 'लोकांना दाखवायला' या दोन शब्दांमागे सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि तो काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

गोष्ट लॉस एंजेलिसची. पण त्याआधी ज्यांनी गाडीखाली कधी डोकावून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं मेकॅनिकचं काम करू.

गाडीचं वजन स्प्रिंगवर बसतं. गाडी खड्ड्यातून गेली की स्प्रिंग दबते आणि परत उसळते. ती उसळत राहू नये म्हणून शॉकअप असतो. गाडी खाली आणायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंग कापणे. आजही काही गॅरेजांत हे चालतं, आणि ते धोक्याचं आहे. कापलेली स्प्रिंग आखूड होते, चाक हवेत लोंबकळलं की ती आपल्या बैठकीतून सुटू शकते. शिवाय शॉकअपला दबायला जागा कमी उरते, म्हणून प्रत्येक खड्डा थेट बॉडीवर आपटतो. कॉइलओव्हरचं तसं नसतं. त्याच्या नळीला बाहेरून आटे असतात, त्या आट्यांवर एक गोल कडं बसतं आणि कड्यावर स्प्रिंग. चंद्रकोरीसारखा पाना लावून कडं फिरवलं की गाडी वर किंवा खाली येते. फक्त त्यासाठी गाडी जॅकवर घ्यावी लागते. चारही चाकांचं करायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ गेली. वर उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करून घ्यायचं, नाहीतर टायर एका बाजूनं झिजतात.

आता चाकं. भावाच्या जुन्या टायरवर लिहिलं होतं १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. नवीन टायर १९५/५५ आर १६. रिम एक इंचानं मोठं, पण भिंत घटून सुमारे १०७ मिलिमीटर. गणित करून बघा, दोन्ही चाकांची पूर्ण उंची जवळपास ६२१ मिलिमीटरच येते. ती तशीच यावी लागते, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. म्हणजे मोठ्या अलॉयनं चाक मोठं होत नाही. रिम वाढतं, रबर कमी होतं.

हे १२० आणि १०७ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता चला १९४०च्या दशकातल्या लॉस एंजेलिसला. शहराच्या पूर्वेला मेक्सिकन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती. अमेरिकेतच जन्मलेली, तिथल्याच शाळेत शिकलेली पोरं. आपल्याला 'चिकानो' म्हणवून घेणारी पिढी पुढे इथूनच उभी राहिली. ही तरुण पोरं तेव्हा झूट सूट घालायची, म्हणजे लांबलचक कोट आणि ढगळ, घोट्याशी आवळलेली पँट. जून १९४३ मध्ये अमेरिकन नौसैनिक आणि सैनिक टोळ्यांनी शहरात फिरले आणि या पोरांना रस्त्यात, सिनेमा थिएटरात गाठून मारलं. अंगावरचे कपडे फाडून काढले. आणि पोलिसांनी अटक केली ती बहुतेक मार खाणाऱ्यांनाच.

थोडा विचार करा. तुमचा गुन्हा काय, तर तुम्ही नजरेत भरता.

युद्ध संपलं. सैन्यातून परतलेल्यांच्या हातात थोडा पैसा होता, गाड्यांची दुरुस्ती येत होती, आणि जुन्या शेवरोले स्वस्तात मिळत होत्या. त्या काळात गोऱ्या पोरांना वेड होतं हॉट रॉडचं: गाडी हलकी करा, इंजिन तगडं करा, सुसाट पळवा. पूर्व लॉस एंजेलिसच्या पोरांनी बरोबर उलटं केलं. गाडी जड ठेवली, जमिनीला टेकेल इतकी खाली आणली, रंगानं चमकवली आणि अगदी सावकाश चालवली. त्यांचं स्पॅनिशमधलं ब्रीदच होतं, 'बाहितो इ स्वावेसितो', म्हणजे खाली आणि हळूवार. गाडी खाली आणायला डिकीत वाळूची नाहीतर सिमेंटची पोती टाकायचे, स्प्रिंग कापायचे किंवा तापवून बसवायचे. या गाड्यांना नाव पडलं लोरायडर.

सावकाश का? कारण हा प्रवास कुठे पोचायचा नव्हताच. रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार्डवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, घरचे लोक गाडीत, काचा खाली, गाणी चालू. आपल्याकडे संध्याकाळी चौपाटीवर चक्कर मारायला जातात ना, तसंच. फक्त इथे चक्कर गाडीची.

मग कायदा आला. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात नियम लागू झाला, वाहन संहितेत त्याचा क्रमांक २४००८. मूळ रचना बदललेल्या गाडीचा चाकं सोडून कुठलाही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. आता आठवा ते १२० आणि १०७. रिमची खालची कड रस्त्यापासून किती वर असते? टायरच्या भिंतीइतकी (वजनानं टायर थोडा दबतो, तेवढं वजा). म्हणजे या नियमानं गाडीची उंची थेट चाकाला बांधून टाकली. भावाची गाडी तिथे असती, तर जुन्या टायरवर मर्यादा १२० मिलिमीटरच्या थोडी आत आणि नव्यावर १०७ च्या थोडी आत.

खरं सांगायचं तर नियमाला तर्क होता. टायर फुटला की गाडी रिमवर येते. त्याखाली काही लोंबत असेल तर ते रस्त्याला घासणार, गाडी हाताबाहेर जाणार. हे कुठलाही चांगला मेकॅनिक मान्य करेल. प्रश्न वेगळाच होता: टेप घेऊन पोलीस कुणाच्या गाडीखाली वाकणार? लोरायडरवाल्यांना उत्तर माहीत होतं. चिठ्ठी बहुतेक त्यांच्याच नावाची फाटायची.

आणि इथे आपल्या गोष्टीत येतो रॉन अगिरे. सॅन बर्नार्डिनो भागातला, मेक्सिकन वंशाचा तरुण, गाडी १९५७ ची कॉर्व्हेट, नाव 'एक्स-सॉनिक'. खालच्या गाडीपायी त्यालाही दंड होत होता. १९५९ च्या सुमारास त्यानं विमानातले हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह आणून गाडीत बसवले. युद्धानंतर विमानांचं असं सामान भंगाराच्या भावात मिळायचं. कल्पना साधी होती. बॅटरीवर चालणारा पंप तेल दाबतो, तेल सिलिंडरमध्ये शिरतं, सिलिंडर लांबतो, गाडी वर. व्हॉल्व्ह उघडला की तेल टाकीत परत आणि गाडी खाली. ड्रायव्हरच्या हाताशी एक बटण.

पोलीस दिसला, बटण दाब, गाडी कायद्यात. पोलीस गेला, गाडी पुन्हा रस्त्याला टेकायला आली.

मंडळी, हे वाचून मी आधी जोरात हसलो. मग गप्प झालो. कारण उंची बदलणारी गाडी त्याआधी चार वर्षं बाजारात आली होती. १९५५ च्या पॅरिस मोटार शोमध्ये सिट्रोएननं डीएस दाखवली. तेल आणि वायूवर चालणारं सस्पेन्शन, आणि उंची बदलायला आत दांडा. जगानं तिला उद्याची गाडी म्हटलं. तीच करामत सॅन बर्नार्डिनोकडच्या पोरानं घरच्या घरी, भंगारातल्या पंपावर केली तर ती पळवाट. हुशारीचं मोलसुद्धा पत्ता बघून ठरतं!

पुढे विमानांच्या भागांऐवजी ट्रकच्या मागचा फळा वरखाली करणारे पंप वापरात आले. डिकीत बॅटऱ्यांची रांग आली, प्रत्येक चाकाला वेगळं बटण आलं आणि गाड्या चक्क उड्या मारायला लागल्या. सगळ्यांची लाडकी झाली १९५८ ते १९६४ मधली इम्पाला. तिची चौकट एक्स आकाराची, दोन्ही कडांना खाली लोखंडी तुळया नाहीत, म्हणून ती जास्त खाली बसायची. आणि चाकं? आजच्यासारखी मोठी मुळीच नाहीत. तेरा-चौदा इंची, तारांची चमकदार रिमं आणि त्यावर अरुंद टायर.

पण हे नुसत्या गाड्यांचं प्रदर्शन नव्हतं. २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात हजारो चिकानो लोकांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये मोर्चा काढला. पोलिसांनी तो मोडला. त्याच दिवशी व्हिटियर बुलेव्हार्डवरच्या एका बारमध्ये बसलेला पत्रकार रुबेन सालासार शेरीफच्या शिपायानं झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्यानं मेला. ज्या रस्त्यावर पोरं रविवारी चक्कर मारत होती, तोच हा रस्ता. त्यानंतर त्याच रस्त्यावर हळू गाडी चालवणं म्हणजे 'आम्ही इथलेच आहोत' हे न बोलता सांगणं झालं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस व्हिटियर बुलेव्हार्डची ही चक्कर पोलिसांनी बंद पाडली. मग एकेका शहरानं ठराव केले: ठरलेल्या वेळात एकाच ठिकाणावरून पुन्हा पुन्हा गाडी नेली तर दंड. सॅन होझेनं १९८६ मध्ये केला, नॅशनल सिटीनं १९९२ मध्ये. ज्या सॅन होझेतून १९७७ मध्ये 'लोरायडर' मासिक निघालं, तिथेच लोरायडरची चक्कर गुन्हा ठरली.

लोक गप्प बसले नाहीत. क्लबवाल्यांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, नगरसेवकांना गाठलं, गाड्या घेऊन मुलांसाठी मदत गोळा केली. सॅन होझेनं २०२२ मध्ये बंदी उठवली, नॅशनल सिटीनं २०२३ मध्ये. आणि १ जानेवारी २०२४ पासून अख्ख्या कॅलिफोर्नियात चक्कर मारण्यावरची बंदी आणि तो उंचीचा नियम, दोन्ही गेले. सहासष्ट वर्षं लागली.

मधल्या काळातलं एक चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. इम्पिरियल्स क्लबच्या जेसी वालादेस यांची 'जिप्सी रोझ' म्हणून १९६४ ची इम्पाला आहे, गुलाबी, अंगभर रंगवलेले गुलाब. २०१७ मध्ये ती वॉशिंग्टनला संसदेसमोरच्या मैदानात काचेच्या पेटीत ठेवली होती. देशाचा वारसा म्हणून! वालादेस २०११ मध्येच गेले होते, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

आता परत आमच्या गेटवर या. माझ्या भावाला कुणी रस्त्यात मारलेलं नाही, त्याच्या वस्तीवर कुणी नळकांडी फोडली नाहीत. त्याची बरोबरी मी त्या पोरांशी करत नाही. आणि आपल्याकडचा कायदा वेगळा आहे हेही सांगतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. कायद्याचं आणि विम्याचं नीट विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. माझ्या भावानं विचारलं नव्हतं, ही त्याची चूकच.

पण माझीही चूक होती. 'लोकांना दाखवायला' हे मी शिवी दिल्यासारखं बोललो होतो. दिवसभर कॉल सेंटरमध्ये नावही बदलून बोलणारा पोरगा, त्याला आठवड्यातून एकदा लोकांनी वळून बघावं असं वाटलं, तर त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं?

गेल्या शनिवारी तो खाली पार्किंगमध्ये जॅक लावून बसला होता. बाबांची कंबर दुखते, म्हणून गाडी मूळ उंचीवर नेत होता. मी टॉर्च धरला आणि त्याला रॉन अगिरेची गोष्ट सांगितली. त्यानं सगळी ऐकली. मग तेलकट हातानं घाम पुसत म्हणाला, "म्हणजे त्यांना बटण होतं? आणि मी इथे तीन तास कडं फिरवतोय!"

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, सोसायटीतल्या स्पीडब्रेकरवर गाडी हळू घ्या.