नागपूरचा तो रविवार

परवा नातू मोबाइलवर जुने धावफलक चाळत होता. "आजोबा, हा सामना तर आपल्या नागपूरचा!" तारीख १९ मार्च २०००. मी त्या दिवशी सिव्हिल लाइन्सच्या मैदानात होतो, डोक्यावर ओला रुमाल घेऊन. दक्षिण आफ्रिकेच्या ३२० धावा, हर्शेल गिब्जच्या ५३ चेंडूंत ७४. आपण दहा धावांनी हरलो, पण पैसे वसूल झाले होते.

पुढे ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी क्रोनिएचे टेलिफोनवरचे संभाषण जाहीर केले. जूनमध्ये किंग आयोगासमोर गिब्जने सांगितले, की वीसच्या आत बाद होण्यासाठी कर्णधाराने पंधरा हजार डॉलर देऊ केले होते. तो 'हो' म्हणाला आणि मैदानात जाऊन फटकावत सुटला! म्हणजे मी उभा राहून टाळ्या वाजवल्या ती खेळी खरी होती, आणि तिच्यामागचा कारभार खोटा. वर्गात एका मुलाने विचारले, "सर, मग तिकिटाचे पैसे परत मागणार का?" सगळे हसले. मला काही उत्तर सुचले नाही.

तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आमचे ठाम मत होते, आता क्रिकेट संपले. जुलैत 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हा तर खात्रीच पटली. पण मार्च २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर फॉलोऑननंतर लक्ष्मणने २८१ काढल्या, आणि वर्षभर शिव्या देणारे आम्ही सारे पुन्हा रेडिओला कान लावून बसलो. मी तर तास सोडून. (मुख्याध्यापक आता हयात नाहीत, म्हणून लिहितो.)

२०१३ मध्ये आयपीएलचे प्रकरण निघाले. वाहिन्यांवर रात्रंदिवस तेच. पेप्सीने करार अर्ध्यात सोडला, २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले. धंदा बसला म्हणावे, तर २०१७ मध्ये पाच वर्षांच्या प्रक्षेपणासाठी स्टारने १६,३४७ कोटी मोजले. निलंबनातून परतलेली चेन्नई २०१८ मध्ये अजिंक्य ठरली. आणि २०२२ च्या लिलावात २०२३ ते २७ चे हक्क गेले ४८,३९० कोटींना!

मला वाटते, गवगव्याने प्रेक्षक पळत नाही, उलट आणखी बघत राहतो. बातमीवाल्यांचेही क्रिकेटवाचून चालत नाही, म्हणून रात्री झोडपलेला खेळ सकाळी पुन्हा पहिल्या पानावर. किंमत मोजली ती माणसांनी. क्रोनिएवर आजन्म बंदी आली, आणि १ जून २००२ रोजी विमान अपघातात तो गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी.

असो. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात त्या दिवसाचे तिकीट सापडले. नातू म्हणतो, अशा तिकिटांना ऑनलाइन चांगला भाव येतो. मी ते परत पुस्तकात ठेवले आहे.