८७ पट लहान घाट : रेल्वे-प्रतिकृतीतील मापाचा विचार

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. रेल्वेच्या प्रतिकृतीचा देखावा, म्हणजे लेआउट, करणाऱ्याला ही मुभा नसते. त्याचे इंजिन आणि डबे एका ठरलेल्या प्रमाणात बनलेले असतात. त्यांच्या शेजारी ठेवलेले झाड, घर, दगड हे सारे पाहणाऱ्याचा डोळा नकळत त्या डब्याशी ताडून बघतो. म्हणून या छंदातला पहिला प्रश्न कारागिरीचा नसून मापाचा असतो.

सर्वसाधारण समज असा, की १:८७ हे प्रमाण एकदा ठरले म्हणजे खऱ्या जगातील प्रत्येक मापाला ८७ने भागले की काम झाले. प्रत्यक्षात खऱ्या रेल्वेतील गोष्टींचे चार वर्ग पडतात : भागावेच लागेल अशा; भागूनही खोलीत न मावणाऱ्या; भागल्या तर न टिकणाऱ्या; आणि मुळात भागताच न येणाऱ्या. कोणती गोष्ट कोणत्या वर्गात बसते हे ओळखणे, हेच या कामाचे शास्त्र होय. पुढील विवेचनासाठी कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट आणि नेरळ-माथेरानची छोटी गाडी ही दोन उदाहरणे घेतली आहेत. एक ब्रॉडगेज, दुसरे नॅरोगेज. आणि दोन्ही सह्याद्रीतली.

१. प्रमाण आणि गेज

जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या रुळांमधील अंतर १६.५ मिमी असते, कारण युरोप-अमेरिकेतील स्टँडर्ड गेज, म्हणजे खऱ्या रुळांमधील अंतर, १४३५ मिमी आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमीचे. त्याला ८७ने भागले तर १९.३ मिमी येतात. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळावर उभे असलेले भारतीय इंजिन पावणेतीन मिमी अरुंद पायांवर उभे असते.

यावर दोन उपाय आहेत. रूळ स्वतः टाकायचे आणि प्रत्येक चाकजोडीचा आस रुंद करायचा, हा शुद्ध मार्ग. पण त्यात प्रत्येक सांधा आणि प्रत्येक डबा हाताखालून घालावा लागतो. दुसरा मार्ग तडजोडीचा. गाडी बाजूने पाहिली तर गेज दिसत नाही. दिसते ती रुळाची उंची, स्लीपरची रांग आणि खडीचा उतार. लेआउट कमरेच्या उंचीवर ठेवला तर नजर वरून पडते आणि गेजचे खोटेपण उघडे होते. तोच छातीच्या उंचीवर नेला तर नजर आडवी जाते आणि ही उणीव झाकली जाते. टेबलाची उंची ही सुताराच्या सोयीची बाब नाही, ती दृश्याचा भाग आहे.

माथेरानच्या गाडीचे गणित वेगळे. तिचे गेज ६१० मिमी. १:८७ मध्ये ते ७ मिमी होते आणि तयार मिळतो तो रूळ ९ मिमीचा. १:७६ प्रमाण घेऊन ९ मिमीचा रूळ वापरण्याची पद्धत रूढ आहे. त्यात गेज सुमारे बारा टक्के जास्त भरते. पण जो सारे हातानेच घडवणार आहे त्याने बाजारातील प्रमाणाशी बांधून का घ्यावे? ६१०ला ९ने भागले की ६८ येतात. १:६८ हे प्रमाण बाजारात सहसा मिळत नाही. घरे, झाडे, डब्यांचे सांगाडे स्वतः करणाऱ्याला मात्र त्याची अडचण नाही. माणसे तेवढी १:७२ प्रमाणातील सैनिकांच्या किटमधून घेऊन त्यांचे कपडे बदलता येतात. पाच-सहा टक्क्यांचा फरक माणसामाणसांतही असतोच. स्वनिर्मितीचा खरा फायदा पैशांचा नव्हे, प्रमाण निवडण्याच्या स्वातंत्र्याचा आहे.

२. न मावणाऱ्या गोष्टी : अंतर, उंची, वळण

बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किमी. त्याला ८७ने भागले तर ३२२ मीटर होतात. चढाची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे प्रतिकृतीत सहा मीटरहून अधिक. घरात हे शक्य नाही. आठ बाय चार फुटांचा प्लाय हा बहुतेकांचा आधार. त्याची लांबी २४४ सेंमी, म्हणजे खऱ्या जगातले जेमतेम २१२ मीटर. आयसीएफ कारखान्याच्या अठरा डब्यांची गाडी या प्रमाणात साडेचार मीटरची होते, म्हणजे प्लायच्या जवळजवळ दुप्पट.

येथे एक नियम पाळावा : वस्तूचे माप राखावे, वस्तूंमधील अंतर आणि त्यांची संख्या कमी करावी. डबा आखूड करू नये, डबे कमी जोडावेत. बोगद्याचे तोंड लहान करू नये, बोगदे कमी काढावेत. सहा डब्यांची गाडीही लांब वाटते, जर तिचे इंजिन एका बोगद्यात शिरताना शेवटचा डबा दुसऱ्या बोगद्यातून पुरता बाहेर आलेला नसेल. जी गाडी एका नजरेत संपूर्ण दिसते तिचे डबे मोजले जातात; जी दिसत नाही तिचे मोजले जात नाहीत. मात्र बोगद्याची मागची बाजू उघडी ठेवावी. गाडी रुळावरून उतरते ती नेमकी हात न पोहोचणाऱ्या ठिकाणी.

मग घाटातले काय राखायचे? ज्यावाचून घाट हा घाट वाटणार नाही, ते. मागून रेटणारी बँकर इंजिने, उतारावर ताबा सुटलेल्या गाडीला वळवून घेणारी कॅच सायडिंग, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. जुन्या मार्गावर खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होते. तेथे गाडी थांबून उलट दिशेने पुढचा चढ चढत असे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडले. प्रतिकृती करणाऱ्यासाठी हे स्टेशन म्हणजे वरदान आहे. गोल फिरायला जागा नसताना उंची कशी गाठावी, ही त्या काळच्या इंजिनिअरांची अडचण होती आणि भिंतीला लावलेल्या अरुंद फळीवर लेआउट करणाऱ्याचीही तीच आहे.

वळणाचे प्रकरण सर्वांत अवघड. भारतीय ब्रॉडगेजवर तीव्रतम वळण दहा अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. ते १:८७ मध्ये दोन मीटर त्रिज्येचे होते. पुरते फिरवायचे तर चार मीटर रुंद खोली हवी. सर्रास वापरले जाणारे वळण ४६ सेंमीचे असते, म्हणजे खऱ्या जगातले ४० मीटर. लांब डबे अशा वळणावर आडवे बाहेर येतात आणि सारा आभास मोडतो. असे वळण बोगद्यात दडवावे आणि दिसणारा भाग सरळ किंवा अगदी सौम्य ठेवावा.

माथेरानला हा प्रश्नच नाही. १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सुरू केलेल्या या मार्गाची तीव्रतम वळणे सुमारे १८ मीटर त्रिज्येची आहेत. १:६८ मध्ये ती २६ सेंमी होतात आणि ९ मिमीच्या तयार रुळाचे वळण २३ सेंमीपर्यंत मिळते. वळणाबाबत लबाडी करावीच लागत नाही. लहान खोलीत डोंगरी नॅरोगेजच करावी, या निष्कर्षामागे हौस नाही, हे साधे भागाकार आहेत.

३. भागाव्याच लागणाऱ्या गोष्टी : खडी, कातळ, झाड, घर

रुळाखालची खडी ६५ ते २० मिमी आकाराची असते. ८७ने भागल्यावर पाऊण ते पाव मिमी. बारीक वाळू चाळून हे माप मिळते. दोन चाळण्या घ्याव्यात, एकीतून खाली पडणारे आणि दुसरीवर अडणारे तेवढे ठेवावे. आपल्याकडच्या नद्यांच्या वाळूत बेसॉल्टमधून आलेले काळे लोहकण असतात. वाळू कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक फिरवला की ते वर येतात. हे काम टाळले तर तेच कण पुढे इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन चिकटतात. खडी कोरडीच पसरावी, ब्रशने स्लीपरच्या मध्ये बसवावी, पाणी मारून भिजवावी आणि मग पातळ फेव्हिकॉलमध्ये भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब घालून ड्रॉपरने सोडावी. साबण नसेल तर थेंब खडीवर गोळा होऊन राहतो आणि खड्डा पाडतो.

डोंगरासाठी थर्माकोलचे थर, त्यावर कागदाचा लगदा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस ही पद्धत स्वस्त आणि हलकी. थर्माकोल पांढऱ्या फेव्हिकॉलनेच चिकटवावा. सॉल्व्हंटचा गोंद आणि स्प्रेचा रंग त्याला खाऊन टाकतात.

खरा प्रश्न मात्र कातळ कोरण्याचा आहे आणि बहुतेक लेआउट येथेच परके होतात. परदेशी रबरी साच्यांतून निघणारे खडक बहुधा तिरप्या थरांचे किंवा ओबडधोबड असतात. सह्याद्री लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. त्याचे थर आडवे, जवळजवळ समपातळीत : उभा कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी मातीचा पट्टा दिसतो. प्लास्टर अर्धवट सुकले असताना हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने आधी संपूर्ण लेआउटभर आडव्या रेषा एकाच पातळीत आखाव्यात, मगच उभ्या भेगा पाडाव्यात. या रेषा एका डोंगरावर जेथे असतील तेथेच समोरच्या डोंगरावरही हव्यात. दरी नंतर कोरली गेली, थर आधीचे आहेत. एवढे केले तरी कोणताही मराठी माणूस न सांगता म्हणेल, हा आपला घाट.

ऋतू एकच निवडावा. जुलैचा हिरवा डोंगर आणि एप्रिलची पिवळी टेकडी शेजारी शेजारी नांदत नाहीत. पावसाळा निवडला तर धबधबे आले. त्यासाठी पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकच्या कागदावर ओढून, सुकल्यावर सोलून कड्यावर चिकटवावे. गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा किंवा बारीक कापलेला काथ्या चालतो. पण कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्याला बुरशी धरते, म्हणून रंगवण्यापूर्वी तो कडक उन्हात वाळवावा.

झाडे जवळपास प्रत्येक लेआउटवर खुजी असतात. पंधरा मीटरचा आंबा १:८७ मध्ये १७ सेंमी होतो, वीस मीटरचा वड २३ सेंमी. विकतची झाडे बरेचदा याच्या निम्मीच असतात. तांब्याच्या वायरचे पेड पिळून खोड केले तर हवी ती उंची साधते. घरांच्या बाबतीत दोन मापे पाठ असावीत : सव्वादोन मीटरचा दरवाजा २६ मिमी आणि सुमारे ४० सेंमीचे मंगलोरी कौल साडेचार मिमी. कौलाच्या ओळी मोजून बसवल्या की बाकीचे छप्पर आपोआप खरे दिसते.

४. न टिकणाऱ्या गोष्टी

विजेच्या गाडीच्या संपर्कतारेचा व्यास सव्वाबारा मिमी. ८७ने भागल्यावर ०.१४ मिमी, म्हणजे हात लागला की गेलीच. ती तार दुप्पट-तिप्पट जाड घ्यावी आणि काळपट करड्या रंगाने रंगवावी. चमक गेली की जाडी जाणवत नाही. मीटरला साठ किलो भरणाऱ्या रुळाची उंची १७२ मिमी, प्रतिकृतीत दोन मिमी. स्वस्त कोड-१०० रूळ अडीच मिमीचा असतो, कोड-८३ २.१ मिमीचा. शक्य तर दुसरा घ्यावा. नाहीतर रुळाची बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवून त्याची उंची मारावी.

५. भागताच न येणाऱ्या गोष्टी

चढ हे गुणोत्तर असल्यामुळे तो लहान होत नाही. बोरघाटाचा ३७ला १ हा चढ प्रतिकृतीतही तेवढाच, माथेरानचा २०ला १ तेवढाच. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर सुमारे आठ सेंमी उंची लागते. ४०ला १ या चढाने त्यासाठी ३२० सेंमी लांबी हवी. वजन मात्र घनाने घटते : १२३ टनांचे डब्ल्यूएपी-७ इंजिन १:८७ मध्ये १९० ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि एवढ्या हलक्या इंजिनाची चाके चढावर फिरत राहतात. म्हणून प्रतिकृतीचे इंजिन मुद्दाम जड केलेले असते.

काळ लहान होत नाही, पण वेग होतो. ताशी ६० किमी म्हणजे प्रतिकृतीत सेकंदाला १९ सेंमी. आठ फुटांचा प्लाय ओलांडायला सुमारे तेरा सेकंद. घड्याळ लावून पाहिले तर बहुतेक गाड्या याच्या दुपटीने पळताना आढळतात.

रंगाचेही तसेच. सात-आठ फुटांवरून पाहिलेला डोंगर खऱ्या जगात दोनशे मीटरवरचा असतो आणि मधल्या हवेने तो फिका झालेला असतो. म्हणून बेसॉल्ट काळा रंगवू नये. गडद करडा, त्यावर किंचित तपकिरी हात, आणि कडांवर कोरड्या ब्रशने फिकट करडा. मागच्या भिंतीवरच्या डोंगररांगा याहून फिक्या आणि निळसर.

६. क्रमवारी

या विवेचनातून निघणारा नियम छोटा आहे. गाडीच्या हातभर परिघात असलेले सारे मोजून करावे. त्यापलीकडचे डोळ्याला पटेल असे करावे. अंतरे छाटावीत, वस्तू छाटू नयेत. गुणोत्तरांना हात लावू नये आणि वेग मापातच ठेवावा. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे; तेथे जाताना ही चार वाक्ये सोबत न्यावीत आणि प्रत्येक दृश्य कोणत्या वर्गात बसते ते पाहावे.

आणि घरी सुरुवात करणाऱ्याने आठ बाय चारचा प्लाय लगेच कापू नये. आधी फूटभर लांबी-रुंदीचा एक तुकडा करावा : थोडे रूळ, चाळलेली खडी, आडव्या थरांचा कातळ आणि मापातले एक झाड. त्यावर एक डबा उभा करून नजर रुळाच्या पातळीला आणावी. तो तुकडा पटला, तरच मोठ्या प्लायला करवत लावावी.